मे महिन्यातलं शिबिर निवडताना दुपार आणि रात्र विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात राहणारं, दोघंही नोकरी करणारं जोडपं. मुलगी १३ वर्षांची, आठवीत जाणार. मुलगा ११ वर्षांचा, सहावीत जाणार. सुट्टी साधारण सहा आठवड्यांची. समोर पर्याय चार: कोकणातलं निवासी शिबिर, हिमालयातला ट्रेक, रोबोटिक्सची बॅच आणि पोहण्याचा क्लास. दोघांना एकत्रच घालावं का? आणि माहितीपत्रकं सगळी सारखीच दिसत असताना निवड कशावरून करायची?

आधी उत्तर देतो, मग कारणं. दोघांना एकाच शिबिरात घालू नका. मुलाला पोहता येत नसेल तर सकाळची २१ दिवसांची पोहण्याची बॅच हीच त्याची मुख्य गोष्ट ठेवा. मुलीसाठी तिच्याच वयोगटाचं पाच-सहा रात्रींचं निवासी शिबिर बघा, शक्यतो मेच्या पहिल्या पंधरवड्यातलं. हिमालय आणखी एक-दोन वर्षांनी. रोबोटिक्स दोघांपैकी कुणी स्वतःहून मागितलं तरच. आणि सहातले निदान दोन आठवडे कुठलीही नोंदणी न करता मोकळे ठेवा.

आता निवडीबद्दल. माहितीपत्रकात सकाळ आणि संध्याकाळ छापलेली असते: धनुर्विद्या, रोप क्लाइंबिंग, शेकोटी, नाट्यखेळ. शिबिर चांगलं की वाईट हे त्यावरून कळत नाही, कारण या गोष्टी बहुतेकांना बऱ्यापैकी जमतात. आयोजकांना फोन करून दोनच प्रश्न विचारा. दुपारी १ ते ४ मुलं कुठे असतात, काय करतात आणि तिथे मोठं माणूस कोण असतं? निवासी शिबिर असेल तर रात्री ९ ते सकाळी ६ यासाठी हेच तीन प्रश्न. मुलांना लागणारं ऊन, भांडणं, चिडवाचिडवी, घरची आठवण, कुणाचं तरी दिवसभर पाणीच न पिणं, हे सगळं बहुधा याच दोन वेळांत घडतं किंवा उघडं पडतं. आयोजकाने या वेळांचा विचार केला असेल तर तो उत्तर न अडखळता देतो: ‘जेवणानंतर सव्वा तास सतरंज्यांवर विश्रांती, मग हॉलमध्ये बैठे खेळ किंवा हस्तकला, दोन ताया आणि एक दादा तिथेच असतात, साडेचारनंतर मैदान.’ ‘मुलं आराम करतात, मजा करतात’ एवढंच ऐकू आलं तर पुढची चौकशी थांबवायला हरकत नाही.

मे महिन्यात दुपारला एवढं महत्त्व का, हे पुण्या-मुंबईच्या पालकांना कधी कधी लक्षात येत नाही. विदर्भात पारा ४४-४५ अंशांवर जातो हे सगळ्यांना माहीत असतं, पण कोकणातले ३५-३६ अंश दमट हवेमुळे अंगाला जास्त जड जातात. घाम वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. १२-१३ वर्षांची मुलं खेळताना तहान लागली तरी थांबत नाहीत. म्हणून पाण्याची सोय ‘आहे का’ असं न विचारता ‘पाणी प्यायची सुट्टी किती वेळाने देता’ असं विचारा. मैदानावर असताना दर २०-२५ मिनिटांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना एकदम पाणी प्यायला लावणं ही योग्य पद्धत. ज्याला हवं त्याने प्यावं, असं ठेवलं की चौथ्या दिवशी दोन-तीन मुलं डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणून आडवी होतात. शिबिरात ओआरएसची पाकिटं हवीत आणि ती कालवणाऱ्याला माप माहीत हवं: मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात. अर्ध्या बाटलीत आख्खं पाकीट ओतलं की द्रावण दाट होतं आणि उलट्या-जुलाब वाढू शकतात. पन्हं, कोकम सरबत, ताक ही रोजच्या जेवणातली सोय म्हणून उत्तम, पण मूल गळून गेलं असेल तेव्हा ओआरएसच.

वयोगट ही दुसरी कसोटी, आणि १२ ते १४ या वयाच्या मुलांची बहुतेक शिबिरं इथेच फसतात. ‘वयोगट ८ ते १५’ असं लिहिलेलं असेल तर आठ-नऊ वर्षांची मुलं जास्त येतात, कारण त्या वयाचे पालक जास्त उत्साही असतात. खेळ, गाणी, गोष्टी त्यांच्या बेताच्या होतात. तेरा वर्षांची मुलगी पहिल्या दिवशी मागे बसते, दुसऱ्या दिवशी ‘बोअर आहे’ म्हणते, तिसऱ्या दिवशी तिला ‘तू मोठी आहेस ना, मग या लहानांना सांभाळ’ म्हणून कामाला लावतात. तिने शिबिरासाठी पैसे भरलेत, स्वयंसेवक म्हणून ती आलेली नाही. म्हणून विचारा: मागच्या बॅचमध्ये १२ ते १४ वयाची मुलं किती होती? त्यात मुली किती? चाळीसच्या बॅचमध्ये या वयाची निदान १२-१५ मुलं आणि त्यात पाच-सहा मुली असतील तर गट जमतो. दोनच मुली असतील आणि त्यांचं आपसात पटलं नाही, तर पाच दिवस फार लांब वाटतात.

भावंडांना एकत्र न घालण्याचं कारणही यातच आहे. एकत्र गेली की ताई पहारेकरी होते आणि भाऊ प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे धावतो. दोघांनाही नवीन मित्र मिळत नाहीत. शिवाय अकराव्या आणि तेराव्या वर्षात शरीराने, झोपेने, लाजेने खूप फरक पडतो. एकाच संस्थेची शिबिरं आवडली तर वेगवेगळ्या बॅच घ्या.

मुलांमागे मोठी माणसं किती? मैदानी शिबिरात आठ ते दहा मुलांमागे एक ताई किंवा दादा पुरतो. डोंगरावर आणि पाण्याजवळ पाच-सहा मुलांमागे एक हवा. कॉलेजात शिकणारे १९-२० वर्षांचे दादा-ताई मुलांना फार आवडतात आणि ते असावेतच, पण अशा तिघांमागे तरी एक अनुभवी, तिशी ओलांडलेलं माणूस पूर्णवेळ जागेवर हवं. मूल रात्री दोन वाजता रडत उठलं, कुणाच्या पोटात उजव्या बाजूला दुखायला लागलं किंवा दोन मुलांत मारामारी झाली, की वीस वर्षांच्या मुलाला काय करावं हे सुचतंच असं नाही. आणखी एक गोष्ट नीट विचारून घ्या: फोनवर तुमच्याशी बोलणारी व्यक्ती शिबिरात राहणार आहे का? मोठ्या शिबिर-कंपन्यांत नोंदणी एक जण घेतो, मुलांना नेणारा दुसराच असतो, आणि तो कोण हे आदल्या आठवड्यापर्यंत ठरलेलं नसतं. शिबिरप्रमुखाचं नाव, तो कोणत्या बॅचला आहे, आणि त्याच्याशी दहा मिनिटं बोलायची परवानगी, एवढं मागा. मुलांबरोबर काम करणाऱ्या माणसाला अशा फोनचा राग येत नाही.

निवासी जागेबद्दल विचारताना खोल्यांच्या फोटोंपेक्षा शौचालयांकडे लक्ष द्या. आठ-दहा मुलांमागे एक शौचालय, मुलींची पूर्ण वेगळी, आतून कडी लागणारी, रात्री दिवा असणारी. हा बारीकसारीक प्रश्न वाटतो, पण चाळीस मुलांना दोन शौचालयं असली की मुलं जायचं टाळतात, जायला लागू नये म्हणून पाणी कमी पितात, आणि ऊन लागण्याची सुरुवात तिथून होते. मुलींच्या बाबतीत आणखी एक बाजू आहे. या वयात पाळी नुकतीच सुरू झालेली असते किंवा शिबिरातच पहिल्यांदा येऊ शकते. शिबिरात पॅड ठेवलेली असतात का, वापरलेली टाकण्यासाठी झाकणाचा डबा मुलींच्या शौचालयात आहे का, आणि एखाद्या मुलीला त्या दिवशी पोहायचं किंवा चढायचं नसेल तर सर्वांसमोर कारण न सांगता बाजूला राहता येतं का, हे तिथल्या ताईलाच विचारा. रात्री मुलींच्या खोलीत किंवा शेजारच्या खोलीत बाई मुक्कामाला असलीच पाहिजे. ‘जवळच्या घरात असते’ हे उत्तर चालणार नाही.

सुरक्षिततेबद्दल पालक संकोचाने विचारतात. संकोच करू नका. चांगल्या शिबिराचा नियम साधा असतो: कुठलंही मोठं माणूस एका मुलासोबत बंद खोलीत किंवा तंबूत एकटं राहणार नाही, एक मूल आजारी असलं तरी दार उघडं आणि दुसरं माणूस दिसेल असं. १८ वर्षांखालच्या कुणावरही लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. ‘आपसात मिटवू’ हा पर्यायच कायद्याने ठेवलेला नाही. आयोजकांना विचारा, ‘मुलाची काही तक्रार असली तर ते कुणाला सांगणार, आणि ती व्यक्ती शिबिरप्रमुखाहून वेगळी आहे का?’ प्रश्न ऐकून समोरचा चिडला किंवा ‘आमच्याकडे असलं काही होत नाही’ म्हणाला, तर तिथे पाठवू नका. घरी मुलांना १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक पाठ करून द्या. फोटोंचंही स्पष्ट करून घ्या. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो टाकणं वेगळं आणि पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत मुलीचा पोहण्याच्या कपड्यांतला फोटो वापरणं वेगळं. संमतीपत्रावर जाहिरातीतल्या वापराला नकार लिहून द्या.

कोकणातल्या शिबिराबाबत काही खास गोष्टी. समुद्राचं आकर्षण मोठं असतं आणि धोकाही तिथेच असतो. किनाऱ्यावर खेळणं, वाळूतले खेकडे-शंख बघणं, भरती-ओहोटीचं वेळापत्रक समजून घेणं, हे सगळं करावं. पण शिबिरातल्या मुलांना समुद्रात पोहायला नेणारा आयोजक टाळा, मूल कितीही चांगलं पोहत असलं तरी. तलावात शिकलेलं पोहणं ओढीच्या पाण्यात कामाला येत नाही. गावातल्या विहिरीत पोहणं असेल तर विहिरीला पायऱ्या हव्यात, पाण्यात हवा भरलेल्या ट्यूब हव्यात, एका वेळी चार-पाच मुलंच आणि त्यांच्यासोबत पाण्यात दोन तयार पोहणारे. मेच्या शेवटच्या आठवड्यात वळवाचे पाऊस सुरू होतात, समुद्र खवळायला लागतो, जलक्रीडा बंद होतात. म्हणूनच पहिला पंधरवडा म्हटलं.

लाल विंचू हा कोकणातल्या उन्हाळ्यातला खरा धोका आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून दाखवल्यापासून मृत्यूचं प्रमाण खूप खाली आलं, पण औषध वेळेत मिळायला हवं. दंश झाल्यावर घाम सुटणं, उलट्या, हातपाय गार पडणं ही गंभीर लक्षणं आहेत. बर्फ लावत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. त्यामुळे जवळचं ग्रामीण रुग्णालय किती मिनिटांवर, तिथे विंचूदंशाचं हे औषध आणि सर्पदंशाची लस असते का आणि शिबिराच्या जागेवर रात्रंदिवस एक गाडी चालकासह उभी असते का, हे विचारा. ‘१०८ ला फोन करतो’ हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. आडगावात रुग्णवाहिका येईपर्यंत गाडी अर्ध्या वाटेवर नेऊन भेटवता येते. मुलांना सवय लावा: बूट घालण्याआधी झटकायचे, अंथरूण टाकण्याआधी झटकायचं, रात्री अनवाणी बाहेर जायचं नाही.

सह्याद्रीतल्या गडांवर मे महिन्यात नेणारी शिबिरं असतात. त्यात वाईट काही नाही, वेळा मात्र बघा. पहाटे साडेपाचला चढाई सुरू आणि दहाच्या आत खाली, किंवा गडावर मुक्काम असेल तर सकाळी दहा ते चार सावलीत. टाक्यांतलं पाणी या दिवसांत आटलेलं किंवा गढूळ असतं, म्हणून प्रत्येक मुलाजवळ निदान २ ते ३ लिटर पाणी निघतानाच हवं; आणि एवढं वजन घेऊन ३५ किलोचं मूल किती चढेल, याचा विचार आयोजकाने केलेला हवा. दुपारनंतर वळवाचे ढग जमले की माथ्यावर, बुरुजावर, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. काजवे बघण्याच्या रात्रीच्या सहली मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला भंडारदरा, राजमाची भागात निघतात. मुलांना काजवे दाखवावेतच, पण आपल्यासोबत, आठवड्यातल्या मधल्या दिवशी. शनिवारच्या गर्दीत, अंधारात पन्नास जणांच्या गटात मुलाला एकटं पाठवू नका.

दोर, खडक, पाणी यांचे उपक्रम असतील तर कागदपत्र मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं; त्यानुसार असे उपक्रम घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, अपघात विम्याची प्रत आणि प्रमुख प्रशिक्षकाने पर्वतारोहणाचा कोणता कोर्स कुठे केला हे विचारा. उत्तरकाशी, मनाली, दार्जिलिंग इथल्या संस्थांचा बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स कोर्स केलेली बरीच मंडळी महाराष्ट्रात आहेत, त्यामुळे ‘आमचा अनुभवच मोठा आहे’ यावर समाधान मानायचं कारण नाही.

हिमालयाबद्दल ‘आणखी एक-दोन वर्षांनी’ म्हणालो, त्यामागे उंचीचा हिशेब आहे. साधारण २,५०० मीटरच्या वर गेलं की विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो; तंदुरुस्त मुलालाही होतो, कारण त्याचा दमाशी संबंध नाही, शरीराला सवय व्हायला लागणाऱ्या वेळेशी आहे. ३,००० मीटरच्या पुढे रोजच्या मुक्कामाची उंची ३०० ते ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच उंचीवर राहावा, असा दंडक आहे. स्वस्त सहलींत नेमके हेच दिवस कापले जातात. पुण्याहून रेल्वे आणि बसने जाण्या-येण्यात चार दिवस गेले, तर ‘दहा दिवसांचा ट्रेक’ प्रत्यक्षात सहा दिवसांचा असतो. मुलांच्या बाबतीत सर्वांत मोठी अडचण अशी की ती त्रास लपवतात. डोकं दुखतंय म्हटलं तर आपल्याला मागे ठेवतील, या भीतीने गप्प बसतात. म्हणून रोज संध्याकाळी प्रत्येकाला वेगळं विचारणारा आणि ‘उद्या तू खाली जातोस’ हे न लाजवता सांगणारा प्रमुख हवा. डोकेदुखीसोबत मळमळ किंवा उलटी असेल तर वर जायचं नाही. विश्रांती घेऊनही वाढत असेल तर लगेच खाली. तरीही याच वर्षी जायचं असेल तर २,००० ते २,५०० मीटरवर एकाच जागी मुक्काम करून आसपास भटकणारं शिबिर घ्या. बर्फ पाहण्याच्या हट्टासाठी खिंड ओलांडणारा ट्रेक नको.

पोहण्याची बॅच हा या सगळ्यातला सर्वांत साधा आणि आयुष्यभर पुरणारा पर्याय आहे. २१ दिवस, रोज पाऊण तास पाण्यात, यात अकरा वर्षांचं मूल तरंगायला आणि एक रुंदी पार करायला शिकतं. नोंदणीआधी एक दिवस त्याच वेळेला तलावावर जाऊन बसा. नवशिक्यांच्या आठ-दहा मुलांमागे एक प्रशिक्षक आहे का? शिकवणाऱ्यांव्यतिरिक्त, नुसता पाण्याकडे बघणारा जीवरक्षक आहे का? शिकवणारा माणूस एका मुलाचे पाय धरून उभा असताना बाकीच्यांकडे त्याचं लक्ष राहू शकत नाही, म्हणून हे दोन वेगळेच हवेत. खोल बाजूला तळाच्या फरशीवरच्या रेघा काठावरून स्पष्ट दिसल्या पाहिजेत. पाणी धुरकट असेल तर बुडालेलं मूल दिसत नाही. मूल खाली जाताना आवाज करत नाही, हे पालकांनीही लक्षात ठेवावं. घाबरणाऱ्या मुलाला खोल पाण्यात ढकलून ‘भीती मोडणारे’ प्रशिक्षक अजून आहेत. अशाने काही मुलं शिकतात, पण बरीच पुढची कित्येक वर्षं पाण्यापासून लांब राहतात. एकविसाव्या दिवशी काय बघायचं? पाठीवर एक मिनिट तरंगणं, न थांबता २० ते २५ मीटर जाणं, आणि खोल पाण्यात उडी मारून स्वतः काठ पकडणं. तिसरी गोष्ट जमली नसेल तर आणखी एक बॅच घ्या, तोवर विहीर-नदी बंद.

रोबोटिक्स आणि कोडिंगच्या बॅचबद्दल थोडक्यात. एका किटवर किती मुलं? दोनपेक्षा जास्त असतील तर एक मूल जोडतं आणि बाकीची बघतात. शेवटच्या दिवशी मूल काय करून दाखवतं, आणि ते प्रत्येकाचं वेगळं असतं का? सगळ्यांच्या हातात रेघ ओळखून धावणारी तीच गाडी आणि तोच तयार कोड असेल, तर मुलाने जुळणी केली, विचार केला नाही. किट घरी मिळतं की परत द्यायचं? मुलाला रस आहे का हे आजमावायला आधी पैसे लागत नाहीत: मुलांना कोडिंग शिकवणारं ‘स्क्रॅच’ घरच्या संगणकावर फुकट आहे, दोन आठवडे देऊन बघा. आपणहून उघडत असेल तर बॅच लावा.

विज्ञानाची खरी ओढ असणाऱ्या मुलांसाठी इस्रोचा ‘युविका’ हा कार्यक्रम माहीत असू द्या. २०१९ पासून, नववीत शिकणाऱ्या मुलांसाठी, मे महिन्यात इस्रोच्या केंद्रांवर दोन आठवड्यांचा मुक्काम. प्रवास, राहणं, जेवण सगळं इस्रोकडून. निवडीत आठवीच्या गुणांना निम्मं वजन असतं, बाकीचं ऑनलाइन चाचणी, विज्ञान प्रदर्शन, ऑलिंपियाड, खेळ, स्काउट-एनसीसी यांना, आणि ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेत शिकणाऱ्यांना वेगळे गुण. तुमची मुलगी आत्ता आठवीत चालली आहे, म्हणजे तयारी याच वर्षी सुरू होते. अर्ज उन्हाळ्याच्या तोंडावर ऑनलाइन निघतात, मुदत थोडी असते. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातली मुक्तांगण विज्ञान शोधिका आणि मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र इथल्या उन्हाळी उपक्रमांकडेही लक्ष ठेवा. पुढे नववीतून दहावीत जाताना क्लासच्या व्हेकेशन बॅच एप्रिलपासूनच सुट्टी व्यापतात, म्हणून जे मनसोक्त करायचं ते सातवी-आठवीच्या सुट्ट्यांतच करून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. आठवीत जाणाऱ्या मुलाला रोज पाच तास ‘फाउंडेशन’ला बसवण्याने होणारा फायदा मला दिसत नाही.

पैशांची तुलना करताना एकूण फी बघू नका. निवासी शिबिरात पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवस वजा करा, मग प्रत्येक पूर्ण दिवसाचा खर्च काढा. ‘६ दिवस ५ रात्री’ म्हणजे अनेकदा चार पूर्ण दिवस असतात. प्रवास, विमा, टी-शर्ट, साहसी उपक्रमांची वेगळी फी, यातलं काय धरलं आहे हे लेखी घ्या. पैसे परत मिळण्याचा नियम पावतीवर छापलेला हवा: मूल आजारी पडलं तर किती, बॅच रद्द झाली तर किती. बॅच पुरेशी भरली नाही म्हणून मुलांना परस्पर दुसऱ्या, लहान वयाच्या बॅचमध्ये घालण्याचे प्रकार होतात. तसं केल्यास पूर्ण रक्कम परत, असं मेलवर लिहून घ्या.

मोकळे ठेवलेले दोन आठवडे हे सुट्टीचेच आहेत. आजोळ असेल तर आजोळ. नसेल तर रोज घरातलं एक खरं काम पूर्णपणे मुलांकडे: मुलीने बसने जाऊन यादीप्रमाणे वाण्याचं सामान आणणं, मुलाने सायकलचं पंक्चर स्वतः काढायला शिकणं. ओळखीच्या दुकानात ‘बघायला’ पाठवण्याची कल्पना चांगली आहे, पण कायदा ध्यानात घ्या: १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवता येत नाही, सुट्टीत स्वतःच्या कुटुंबाच्या धोका नसलेल्या व्यवसायात मदत करणं तेवढं चालतं.

नोंदणीआधी मुलीलाही बसवून घ्या. दोन-तीन शिबिरं तुम्ही निवडून ठेवा आणि शेवटची निवड तिला करू द्या. जाणार नाही म्हणाली तर कारण विचारा. बहुतेकदा ते ‘तिथे कुणी ओळखीचं नाही’ किंवा ‘अंघोळीचं काय’ असं सोडवता येण्यासारखं असतं. घराबाहेर कधीच एकटी राहिली नसेल तर एप्रिलमध्ये मावशीकडे किंवा काकांकडे दोन रात्री राहू द्या. आरोग्याच्या अर्जावर काही लपवू नका: दम्याचा पंप, फिट, शेंगदाण्याची किंवा औषधाची अ‍ॅलर्जी, झोपेत चालणं, अंथरूण ओलं होणं. या वयातही काही मुलांना हा शेवटचा त्रास असतो आणि शिबिरप्रमुखाला आधी माहीत असेल तर तो रात्री हळूच उठवतो, कुणाला कळत नाही. औषधं मुलाच्या पिशवीत ठेवू नका. नाव, वेळ आणि मात्रा लिहिलेल्या पाकिटात प्रमुखाच्या हाती द्या.

घरची आठवण दुसऱ्या-तिसऱ्या रात्री सर्वांत जास्त येते आणि चौथ्या दिवशी बहुधा ओसरते. म्हणून पहिलं शिबिर दोन रात्रींचं नको. मूल रडण्याच्या टप्प्यावरच घरी येतं आणि तेवढंच लक्षात ठेवतं. निघताना ‘नाही आवडलं तर फोन कर, लगेच न्यायला येतो’ असं वचन देऊ नका. मग मूल रमायचा प्रयत्न न करता फोनची वाट बघतं. त्याऐवजी ‘आठवण येईल, ते साहजिक आहे, आली की ताईला सांग’ एवढं सांगा. फोन एक दिवसाआड पाच-दहा मिनिटांचा पुरे. मुलगी फोनवर रडली तर तीन गोष्टी विचारा: जेवलीस का, झोप लागली का, कुणी त्रास देतंय का. पहिल्या दोन्हींचं उत्तर ‘हो’ आणि तिसऱ्याचं ‘नाही’ असेल तर ‘परवा पुन्हा बोलू’ म्हणून फोन ठेवा आणि नंतर शिबिरप्रमुखाशी स्वतंत्र बोला. तिसऱ्या प्रश्नाला ती गप्प झाली, विषय बदलला किंवा शेजारी कुणीतरी उभं असल्यासारखी बोलली, तर त्याच दिवशी गाडी काढा आणि न कळवता पोहोचा.